राणीमाशीची एक हजार सहा अंडी

निपाणीत माणसानं घर बांधायला काढलं की तो आधी दर्शनी बाजूचा विचार करतो. प्रेमानंद मधाळेनं आधी संडास बांधला. घराच्या भिंती अजून गुडघ्याएवढ्या होत्या तेव्हा त्याच्या संडासाला दार, कडी आणि वर पत्रा बसलेला होता. गवंड्याला वाटलं, साहेबांच्या पोटाची काहीतरी तक्रार असणार. तसं काही नव्हतं. प्रेमानंद वाढला तंबाखूच्या वखारीमागच्या चाळीत. बाप मायाप्पा वखारीत पोती उचलायचा, आई गंगव्वा विड्या वळायची, आणि चाळीस घरांत मिळून संडास चार. टमरेल घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि आत गेलं की लगेच बाहेरून दारावर थापा. आपण कमावते झालो की आतून कडी लावून निवांत बसता येईल अशी एक जागा करायची, हे त्या पोरानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

ती जागा झाली, आणि प्रेमानंद तिथं वाचायला लागला. समोरच्या भिंतीत त्यानं मुद्दाम एक फळी बसवून घेतली होती. तिच्यावर जुने अंक, पुड्यांचे कागद, दिवाळी अंकांची सुटी पानं, जे हाताला लागेल ते. दिवसभर सरकारी कचेरीत कन्नड फायली उपसायच्या आणि घरी आलं की मराठी वाचायचं, अशी त्याची वाटणी होती. कन्नड पगाराची, मराठी सुखाची. दोन्ही भाषा त्याला पक्क्या येत होत्या, पण सुख त्यानं कधी कन्नडमध्ये शोधलं नाही.

सगळ्यात आवडतं वाचन म्हणजे ‘खणखणाट’ साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावरचं ‘हे ठाऊक आहे का?’ हे सदर. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. जिराफाच्या लांबलचक मानेत माणसाच्या मानेएवढीच सात हाडं असतात. असलं काही वाचलं की प्रेमानंद ते विसरू नये म्हणून मोठ्यानं घोकत बाहेर यायचा, हात धुवायचा आणि थेट वहीकडं जायचा. त्याची बायको नीलम सरकारी दवाखान्यात नर्स होती. सकाळी सातला तिला ड्यूटीवर पोचायचं असायचं, आणि नवरा दारातून “सात हाडं, सात हाडं” करत बाहेर पडायचा.

“हाडं मोजून झाली असली तर सरका,” ती म्हणायची, “मला माणसांची मोजायला जायचंय.”

अठ्ठावीस वर्षांत अशा नऊ वह्या भरल्या. प्रत्येक गोष्टीला अंक, तारीख, सगळं कचेरीच्या शिस्तीत. कचेरीत, लग्नात, एस.टी. स्टँडवर, कुठंही विषय निघो, प्रेमानंदकडं सांगायला काहीतरी असायचंच. ज्या घरात पंचांगसुद्धा नव्हतं, त्या घरातल्या माणसाकडं लोक आता “मधाळे साहेबांना विचारा” म्हणून बोट दाखवायचे. त्याला ते फार गोड लागायचं. आडनावच तसलं, त्याला तो तरी काय करणार!

‘खणखणाट’चा मालक, संपादक, बातमीदार आणि अंक पोस्टात टाकणारा असा सगळा एकच माणूस होता, भावकू पाटील. मूळचा बेळगुंदीचा. बेळगावात कॉलेजला असताना तो आणि प्रेमानंद एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले. पुढं भावकूनं निपाणीत छापखाना टाकला आणि साप्ताहिक काढलं. ते सदरही तोच लिहायचा. कुठून मिळवतोस म्हणून विचारलं, की भावकू गूढ हसायचा आणि म्हणायचा, “इंग्रजी ग्रंथ चाळावे लागत्यात बाबा.” प्रेमानंदला ते खरंच वाटायचं. भावकू म्हणाला म्हणजे ते खरं, ही त्याची जुनी खोड.

सदर सुरू होऊन चारेक वर्षं झाली असतील, तेव्हा प्रेमानंदच्या एक गोष्ट ध्यानात आली. निसर्गात सहाचा आकडा फार! अमुक कोळ्याची मादी एकशे सहा अंडी घालते. तमुक झाड एकशे सहा वर्षं जगतं. अमुक पक्षी एक हजार सहा मैल उडतो. पोळ्यातलं प्रत्येक घर सहा कोपऱ्यांचं, माशीला पाय सहा, मुंगीला पाय सहा. शंभर नाही, हजार नाही, वर सहा हवेतच. प्रेमानंदनं वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं, ‘सहाचा नियम’, आणि धावत छापखान्यात जाऊन भावकूला सांगितला. भावकू काही वेळ त्याच्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, “प्रेम्या, तू शास्त्रज्ञ व्हायला पायजे होतास रं.”

तेव्हापासून प्रेमानंद छापखान्यात शिरला की मशीनवरचा मष्णू आतल्या खोलीकडं तोंड करून “नूरारू!” अशी हाळी द्यायचा, आणि आत हशा पिकायचा. कन्नडमध्ये नूरारू म्हणजे शेकड्यांनी. अंक शेकड्यांनी खपले असतील, माणसं खुशीत असतील, असं समजून प्रेमानंदही त्यांच्याबरोबर हसायचा.

यंदा ‘खणखणाट’ला तीस वर्षं झाली. भावकूनं बेळगावात एक हॉल घेऊन मराठी शाळांची सामान्यज्ञान स्पर्धा ठेवली. प्रश्न काढायला आणि निकाल द्यायला परीक्षक म्हणून नाव छापलं, ‘श्री. प्रेमानंद मायाप्पा मधाळे, निवृत्त अधिकारी व अभ्यासक’. अभ्यासक हा शब्द प्रेमानंदनं पत्रिकेत चारदा वाचला. मायाप्पा असता तर त्याला वाचून दाखवला असता. नीलमनं त्याच्यासाठी नवा शर्ट आणला आणि पोळी खाताना डाग पाडू नका म्हणून दम दिला.

शेवटच्या फेरीत दोघं बरोबरीत आले. संकेश्वरच्या एका शाळेचा आदर्श आणि बेळगुंदीची तेजस्वी. आदर्शच्या सरांनी मुलांकडून ‘खणखणाट’चं सदर दर आठवड्याला पाठ करून घेतलं होतं. तेजस्वी दोन वेण्या घातलेली, नववीतली पोरगी. बक्षीस होतं सूक्ष्मदर्शक यंत्र. ते टेबलावर काचेच्या पेटीत मांडून ठेवलेलं होतं, आणि पोरीची नजर प्रश्नापेक्षा त्याच्यावरच जास्त होती. मधमाशीच्या पायाला परागकण कसे चिकटतात ते तिला त्यातून बघायचं होतं, असं तिच्या बाईंनी ओळख करून देतानाच सांगून टाकलं होतं.

शेवटचा प्रश्न प्रेमानंदनं मुद्दाम आपल्या नियमातला ठेवला होता. “राणीमाशी एका दिवसात किती अंडी घालते?”

तेजस्वीचं तोंड उजळलं. “दीड हजार,” ती म्हणाली. “लई फुलोरा असला तर दोन हजारबी. दिवसावर हाय ते.”

“एक हजार सहा,” आदर्श म्हणाला.

“बरोबर! एक हजार सहा!” प्रेमानंदला आनंद आवरेना.

टाळ्या वाजल्या. पण पोरगी खाली बसेना. “सर,” ती म्हणाली, “रोजच्या रोज येवढीच कशी घालंल ती? मोजून घालती काय?”

हॉलभर हशा झाला. प्रेमानंद गोंधळला. अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न त्याला स्वतःला कधी पडला नव्हता. त्यानं शेजारी बसलेल्या भावकूकडं बघितलं. भावकूनं क्षणभर टेबलावरचा हार नीट केला, मग माइक पुढं ओढला. “आमच्या अंकात ही माहिती छापून आलेली आहे,” तो म्हणाला. “एक हजार सहा. परीक्षकांचा निर्णय योग्य आहे.”

सूक्ष्मदर्शक आदर्शच्या हातात गेलं. तेजस्वी स्टेजवरून उतरली ती कुणाकडं न बघता.

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी प्रेमानंदसमोर येऊन उभी राहिली. तेजस्वीची आजी, गुणाबाई. हाताची बोटं मेणानं पिवळट झालेली. बेळगुंदीत तिच्या परड्यात मधाच्या वीस पेट्या होत्या.

“सायेब, पेटी कवा उघडून बघितलायसा काय?” तिनं विचारलं.

“बघितली न्हाय, आज्जी. पण मी वाचलंय.”

“आमी वाचलं न्हाय, बघितलंय. थंडीत राणी निम्मीबी घालत न्हाय. फुलोरा आला की फळीच्या फळी भरून टाकती. पोरगी डोळ्यांनी बघून बोलली आणि तुमी चार मान्सांत तिला खोटं पाडलासा.” तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं ते जास्तच लागलं. “बक्षिसाचं काय न्हाय. खोटं पाडलासा ते ती विसरायची न्हाय.”

“आज्जी, मी मूळ माहिती काढून बघतो,” तो म्हणाला. “चूक माझी निघाली तर मी ती पेपरात छापून आणतो, आणि तिचं बक्षीस तिला मिळंल. हा माझा शब्द.”

गुणाबाईनं मान हलवली आणि नातीला घेऊन ती बसकडं गेली. प्रेमानंद निपाणीला परतला. आपण एखाद्या पोरीला खोटं पाडलं असेल ही गोष्ट त्याला स्वस्थ बसू देईना. शाळेत असताना त्यालाही एका मास्तरनं असंच वर्गासमोर खोटं पाडलं होतं, आणि ते तो आजतागायत विसरला नव्हता.

सोमवारी सकाळी तो छापखान्यात गेला. भावकू लग्नासाठी लोंढ्याला गेला होता. मशीनवर मष्णू होता.

“त्या सदराची जुनी फाईल दे रं,” प्रेमानंद म्हणाला. “मूळ ग्रंथाचं नाव बघायचंय.”

मष्णूचा हात मशीनवरच थांबला. “मालक आल्यावर दिलं तर चालंल न्हवं?”

“अरे, मला तुझा मालक नाही म्हणणार हाय काय?”

ते मष्णूला नाकारता येईना. त्यानं कपाटावरून धुळीनं भरलेली एक जाड फाईल काढली आणि न बोलता पुढं केली. प्रेमानंद ती काखेत मारून घरी आला, आणि सवयीप्रमाणं आत जाऊन त्यानं कडी लावली.

फाईलमध्ये इंग्रजी एक अक्षरही नव्हतं. कन्नड वर्तमानपत्रांची कात्रणं होती, कागदावर चिकटवलेली, आणि शेजारी भावकूच्या अक्षरात मराठी. प्रेमानंदला हसू आलं. लबाड लेकाचा, इंग्रजी ग्रंथ म्हणे! मग त्यानं मधमाशीचं कात्रण काढलं. कन्नडमध्ये लिहिलं होतं, राणीमाशी दिवसाला ‘साविरारू’ अंडी घालते.

त्यानं ते पुन्हा वाचलं. साविर म्हणजे हजार, आरू म्हणजे सहा. जोडून एक हजार सहा होतात हे खरं. पण सदतीस वर्षं कन्नड फायली वाचलेल्या माणसाला ते शिकवायला नको. साविरारू म्हणजे हजारो! जो कन्नड बाजारात शिकला, पुस्तकात नाही, तोच माणूस ते फोडून सहा बाहेर काढणार. नूरारूचंही तसंच. नूर म्हणजे शंभर, आणि नूरारू म्हणजे शेकडो. कोळ्याची अंडी शेकडो. झाडाची वर्षं शेकडो. पक्ष्याचे मैल हजारो. निसर्गाला सहाची काही आवड नव्हती. बेळगुंदीच्या भावकूला कन्नड धड येत नव्हतं, एवढाच तो नियम.

प्रेमानंदला आधी त्याचा रागच आला नाही. चूक होते माणसाची. आपल्याला एकदा ते कात्रण दाखवलं असतं तर तिथल्या तिथं सांगितलं असतं, असं मनाशी म्हणत त्यानं पुढची पानं उलटली, आणि एक पोस्टकार्ड त्याच्या मांडीवर पडलं. संकेश्वरच्या एका निवृत्त कन्नड मास्तरांचं, २००१ सालचं, मोडक्यातोडक्या मराठीत. ‘नूरारू म्हणजे शेकडो, साविरारू म्हणजे हजारो. आपण एकशे सहा व एक हजार सहा छापता ते चूक. दुरुस्ती करावी.’

त्याखाली लाल शाईनं, प्रेमानंदला चाळीस वर्षं ओळखीच्या असलेल्या अक्षरात लिहिलेलं होतं. ‘दुरुस्ती नको. प्रेम्याचा सहाचा नियम मोडेल. आता दर दोन अंकांआड एक सहा सोडायचा. बघू किती दिवस गिळतोय. भा.’

तो ते वाचत बसला. मग पुढची पानं त्यानं भराभर उलटली. २००१ नंतरच्या पुष्कळ पानांवर कात्रणंच नव्हती. नुसतं भावकूचं अक्षर, कधी मष्णूचं, कधी चहाला येणाऱ्या आणखी कुणाचं. छापखान्यात बसून, हसत हसत, प्रेमानंदसाठी बनवलेली माहिती. नूरारू कोण होतं ते त्याला आता कळलं. ती हाळी त्याच्या नावाची होती. चोवीस वर्षं तो स्वतःवरच त्यांच्याबरोबर हसत आला होता.

एका पानावर होतं, ‘कासव एक हजार सहा पावलं चाललं की थांबून मागं वळून बघतं.’ खाली मष्णूच्या अक्षरात, ‘लई भारी, मालक.’

ते पान बघून प्रेमानंद ढासळला. मायाप्पा शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळला होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण पोराकडून रोज एक नवी गोष्ट ऐकल्याशिवाय तो दूध घ्यायचा नाही. शेवटच्या दिवशी प्रेमानंदनं त्याला हेच सांगितलं होतं, कासवाचं. मायाप्पा कितीतरी वेळ छताकडं बघत राहिला आणि म्हणाला, “मग ते बी आपल्यासारकंच की रं.” त्यानंतर तो फारसं काही बोलला नाही. बापाला आपण जाताना काहीतरी चांगलं दिलं, असं प्रेमानंद सोळा वर्षं समजत होता. त्यानं दिली होती ती छापखान्यातली थट्टा.

“अहो, तास झाला,” बाहेरून नीलमचा आवाज आला. “बरं हाय न्हवं?”

तो बाहेर आला. त्यानं फाईल तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. नीलम उभ्यानंच ऐकत होती. “या घरात किती वेळा जेवलेत भावजी,” ती शेवटी म्हणाली. “मी वाढलंय त्यांना, माझ्या हातानं.” आणि ती स्वयंपाकघरात जाऊन काहीही कारण नसताना भांडी घासायला लागली.

मंगळवारी भावकू परतला. प्रेमानंद फाईल आणि नऊ वह्या पिशवीत घालून छापखान्यात गेला. या वेळी कुणी हाळी दिली नाही. मष्णू मागच्या दारानं बाहेर निघून गेला.

भावकूनं पोस्टकार्ड बघितलं आणि आधी हसायचा प्रयत्न केला. “अरे, गंमत रं! तू केवढा खूश व्हायचास. तुझी खुशी मोडायची म्हंजे जिवावर यायचं.”

“गिळतोय म्हणून लिवलायस,” प्रेमानंद म्हणाला. “माझ्या खुशीचं कुठं लिवलंय ते दाव.”

भावकूनं पोस्टकार्ड उलटं करून ठेवलं.

“कासवाचं मी बाला सांगितलो, भावकू. जायच्या दिवशी.”

“मला काय म्हाईत, तू बाला सांगशील म्हणून,” भावकू खाली बघत पुटपुटला. त्याचा चेहरा खरंच उतरला होता, हे प्रेमानंदलाही दिसलं. त्यानं पिशवीतल्या वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

“यातलं खरं कुठलं आणि तुमी रचलेलं कुठलं, तेवढ्या खुणा कर. बाकीचं मी फाडून टाकतो.”

भावकूनं पहिली वही उघडली. चार पानं उलटली, दुसरी घेतली, तिसरी चाळली. मग वही मिटून म्हणाला, “आता मलाच आठवत न्हाय रं.”

प्रेमानंदला रडू येईल असं वाटलं. ते त्याला तिथं, त्या माणसासमोर नको होतं. त्यानं वह्या परत पिशवीत भरल्या. “माफी मागू नगंस,” तो म्हणाला. “मला एकच गोष्ट पायजे. गुरुवारच्या अंकात छापायचं. माहिती चुकीची होती, पोरीचं उत्तर बरोबर होतं, आणि तिला तसलंच दुसरं बक्षीस द्यायचं. मी तिच्या आजीला शब्द दिलाय. आणि चूक कुणाची ते खरं छापायचं.”

“पेपरचं नाव जाईल प्रेम्या. तीस वर्सं घातल्यात मी यात.”

“अठ्ठावीस माजी गेलीत.”

भावकूनं उठून प्रेमानंदचे दोन्ही हात हातात घेतले. “पोरीला न्याय मिळंल,” तो म्हणाला. “आईशप्पत. गुरुवारी बघ तू.”

आणि प्रेमानंदनं पुन्हा विश्वास ठेवला. एवढं सगळं होऊनही ठेवला. चाळीस वर्षांची सवय दोन दिवसांत सुटत नाही, दुसरं काय सांगणार? घरी येऊन त्यानं गुणाबाईला फोन लावला आणि सांगितलं, आज्जी, गुरुवारी अंक बघा. म्हातारी म्हणाली, “बरं झालं सायेब. पोरगी नीट जेवत नव्हती.”

गुरुवारी अंक आला. नीलमनं दारातूनच उचलला, उघडला आणि तशीच थांबली. प्रेमानंदनं तिच्या हातातून घेतला.

पहिल्या पानावर मोठा फोटो होता. बेळगुंदीत, मधाच्या पेट्यांसमोर, भावकू पाटील तेजस्वीला सूक्ष्मदर्शक देत होता. पोरगी तोंडभर हसत होती. शेजारी गुणाबाई डोक्यावर पदर घेऊन उभी होती. वर मथळा, ‘ग्रामीण कन्येला अखेर न्याय!’ आणि खाली बातमी होती. ‘स्पर्धेचे परीक्षक श्री. प्रेमानंद मधाळे यांच्या अपुऱ्या व चुकीच्या माहितीमुळे या गुणी विद्यार्थिनीवर अन्याय झाला होता. परीक्षकांवर विश्वास ठेवल्याबद्दल संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली असून, यापुढे परीक्षकांची निवड काटेकोरपणे केली जाईल. श्री. मधाळे यांनी आपली चूक मान्य केली आहे.’

सदराचा उल्लेख कुठं नव्हता. कात्रणांचा नव्हता, पोस्टकार्डाचा नव्हता. बारा गावांत जाणाऱ्या अंकात मधाळे साहेबांनी आपली चूक मान्य केली होती, आणि बारा गावं आता ती वाचत असतील.

“चला उठा,” नीलम म्हणाली. “ती फाईल घ्या. चौकात सगळ्यांना दाखवूया.”

“फाईल त्याच्याकडंच हाय,” प्रेमानंद म्हणाला. मंगळवारी वह्या तेवढ्या पिशवीत भरून तो उठून आला होता. फाईल त्यानं टेबलावरच ठेवली होती, मित्राच्या टेबलावर.

तेवढ्यात फोन वाजला. भावकूच होता, आणि आवाज मोकळा, एखादं अवघड काम निभावून नेल्यासारखा.

“बघितलास काय? पोरगी कसली खूश झाली बघ! गावात लोकांनी हार घातला मला. तुला त्येच पायजे होतं न्हवं, पोरीला न्याय?”

पोरीला न्याय मिळाला होता, ते खोटं नव्हतं. तिचा हसरा चेहरा त्याच्या मांडीवर उघडा पडला होता, आणि त्या चेहऱ्याबद्दल त्याला आनंद व्हायला हवा होता. तेवढाही भावकूनं त्याच्याकडं शिल्लक ठेवला नव्हता.

“तुझ्या नावाचं जरा जास्त झालं, मान्य हाय मला,” भावकू पुढं बोलत राहिला. “पर पेपर टिकवाय पायजे होता रं. लोक आठ दिवसांत इसरत्यात. तू समजून घेशील म्हणूनच केलो. दुसरा कोन असता तर धाडस झालं नसतं. शेवटी चाळीस वर्सांची दोस्ती हाय आपली.”

“व्हय?” प्रेमानंद म्हणाला. “ही माहिती कुठनं उचललास?”

भावकू हसायला लागला आणि मध्येच थांबला. तो पुढं काय म्हणतो ते ऐकायला प्रेमानंद थांबला नाही. त्यानं फोन ठेवून दिला.